अधिसूचनाबाई, कळवून येत जा

श्रीमती कांदा निर्यात अधिसूचना,
मु. पो. नवी दिल्ली

साष्टांग नमस्कार, वि. वि.

लासलगाव परिसरात सर्व क्षेम आहे. उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५पासून तुम्ही काढून घेतलंत, तरी इकडे कुणी निर्धास्त झालेलं नाही. तुमचं येणं-जाणं आम्हाला तोंडपाठ आहे. १९ ऑगस्ट २०२३, वार शनिवार : निर्यातीवर ४० टक्के शुल्क. २८ ऑक्टोबर : टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपयांच्या खाली कांदा देशाबाहेर जायचा नाही. तेवढ्यानं भागेना म्हणून ८ डिसेंबरपासून सरसकट बंदी. चार महिन्यांत तीन फेऱ्या! नवी सासुरवाशीणही माहेरी इतक्यांदा येत नाही.

डिसेंबरचा मुहूर्त तर खासच. तेव्हा लाल कांद्याची आवक सुरू होते. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा महिनोन्‌महिने चाळीत राहत नाही. काढला की ट्रॅक्टर भरून थेट लिलावात न्यावा लागतो. तुम्ही बंदीची मुदत लिहिलीत ३१ मार्च. तोवर दम धर, हे कांद्याला कुणी समजावायचं?

शहरातल्या ताटात कांदा स्वस्त पडावा, ही तुमची तळमळ आम्हाला मान्य आहे. शहरातला गरीब आमचाच भाऊबंद. फक्त त्या स्वस्ताईचं बिल दर वेळी आमच्याच बांधावर का येतं, एवढं एखाद्या कलमात लिहा. भाव कोसळल्यावर मात्र तुम्ही अशा रातोरात धावून आल्याचं आठवत नाही.

शिवाय गिऱ्हाइकाचं काय? ढाक्याच्या आणि दुबईच्या व्यापाऱ्याला कांदा हवा असतो, आपलं राजपत्र नको असतं. आपण दार लावलं की तो पाकिस्तानकडून घेतो, इजिप्तकडून घेतो; दार उघडलं म्हणून परत येतोच असं नाही. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, आता स्वयंपाक्याला बिनकांद्याचं करायला सांगितलंय. शेजारच्या पंतप्रधानांची ही कथा, तर निफाडच्या शेतकऱ्यानं कशाला रुसावं?

तेव्हा विनंती एकच. यायचंच असेल तर रोपं टाकायच्या आधी या. शुल्क किती, मूल्य किती, किती दिवस, ते तेव्हाच सांगा. लावायचा की नाही, आमचं आम्ही ठरवू. कुणीच नाही लावला, तर बंदीची दगदगही वाचेल. खुशाल आयात करा. २०१९ साली तुर्कस्तान-इजिप्तहून आणलेला कांदा राज्यांनी फारसा उचलला नव्हता, तो अनुभव तुमच्या गाठीशी आहेच.

कळावे, लोभ आवरावा.

आपला,
एक कांदा उत्पादक

ता. क. : एप्रिल २०२४मध्ये, मुदत वाढवलेली बंदी चालू असताना, गुजरातेत पिकलेल्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला तुम्ही वाट करून दिलीत, त्यासाठी गुजरातच्या फलोत्पादन आयुक्तांचा दाखला लागत होता. आमच्याकडे सातबारा आहे, रहिवासी दाखला आहे, जातीचाही आहे. आमचा कांदा पांढरा असल्याचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो, तेवढं उलट टपाली कळवा.