सदाफुलीचे सर

सरांच्या अंगणात सदाफुली आहे. तशी ती नालीच्या काठावर आहे, पडक्या भिंतीच्या फटीत आहे, ट्रान्स्फॉर्मरखाली जिथे कुत्रंही बसायला तयार नसतं तिथेही आहे. पण ती नुसती उगवलेली, सरांची घडवलेली. हा फरक ज्याला मान्य नाही त्याने सरांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकू नये.

सरांनी लातुरात जन्मभर गणित शिकवलं. मुळात हुशार असलेलं पोरगं मेरिटला आलं की त्याच्या पेढ्यांवर सरांचा हक्क, आणि नापास झालेलं मात्र ‘ऐकतच नव्हतं’. निवृत्तीनंतर हाच हिशेब त्यांनी बागेत आणला. “सदाफुली म्हणजे आपला लातूर पॅटर्न,” असं ते फाटकाशीच सांगून टाकतात.

मे महिन्यात भर दुपारी, पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना, ते पाहुण्याला डोक्यावर पंचा टाकून अंगणात उभं करतात. “बघा, पानांनी माना टाकल्या. आता तुमच्यासारखा माणूस काय करील? तांब्या घेऊन धावेल! मी धावत नाही. ऊन उतरलं की आपोआप ताठ होतात.” माना टाकलेल्या पानांवर ऊन कमी पडतं आणि पाणी कमी उडतं, ही झाडाचीच अक्कल. पण सर ती ‘मी लावलेली सवय’ म्हणून सांगतात.

पद्धत म्हणाल तर चोख आहे. दिवसभराचं ऊन, खत नावापुरतं (जास्त झालं तर नुसती पानं माजतात), अधूनमधून शेंडे खुडायचे म्हणजे फांद्या फुटतात, आणि बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाण्याचं नाव काढायचं नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते, म्हणून तिच्यात मुरूम आणि वाळू मिसळायची. ते घमेल्यांचं काम एका गड्याने केलं. सर ओट्यावरून टक्केवारी सांगत होते.

कॉलनीतली शेळी बोरीबाभळीचे काटेसुद्धा सोडत नाही, पण सदाफुलीला तोंड लावत नाही. पानं कडू आणि विषारी असतात म्हणून. सरांच्या मते, शिस्त! याच झाडापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं निघाली, हे सांगताना त्यांचा चेहरा माजी विद्यार्थी अमेरिकेत सर्जन झाल्यासारखा होतो. झाड मूळचं मादागास्करचं, असं मी एकदा म्हणालो. “असेना! बाहेरगावची पोरंच इथं येऊन नाव काढतात.”

त्यांचा सुवर्णकाळ म्हणजे एप्रिल 2016. दुष्काळात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. गावभर घागरींच्या रांगा लागल्या होत्या, गुलाब केव्हाच वाळून गेले होते, आणि सरांच्या अंगणात गुलाबी-पांढरी फुलं डोलत होती. सर ज्याला त्याला ‘यंदाचा निकाल’ दाखवायला बोलवत होते. काकू रोज अंधार पडल्यावर डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात ओतत, हे मला माझ्या गच्चीवरून दिसत होतं. मी बोललो नाही. काकूही बोलल्या नाहीत. घरात शांतता हवी असते.

पुढे एका जुलैत झड लागली. सरांनी कौतुकाने कुंडीत लावून, खाली ताटली ठेवून, ओट्याच्या कडेला मांडलेली पांढरी सदाफुली पाण्यात उभी राहून मुळापासून कुजली. नालीकाठची मात्र फुलांनी लगडलेली. समाचाराला म्हणून मी गेलो.

“सर, पांढरी गेली म्हणे?”

सरांनी चष्मा पुसला. कुंडी पायाने जरा आड सरकवली.

“ती आपली नव्हेच हो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बसली होती.”