आमच्या पोरांना बाकावर बसवणाऱ्या शेठना

शेठ,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत आहे. प्रेम उरलेलं नाही, म्हणून तो शब्द गाळून मुद्द्यावर येतो.

तुमच्या नावाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात आमच्या गावाचा संघ उतरला. जर्सीच्या छातीवर तुमचं नाव, पाठीवर गावाचं नाव, आणि आत जी सात माणसं होती त्यातलं एकही गावचं नव्हतं. दोघे सांगलीकडचे, दोघे पुण्याचे, एक हरियाणाचा. उरलेले दोघे कुठले, ते त्यांच्या बॅगा उचलणाऱ्या आमच्या पोरांनाही माहीत नव्हतं. त्या सातांवर माझा राग नाही. ते पोटासाठी खेळतात, चांगले खेळतात, आणि त्यांनी पाकीट मागून घेतलं असेल तर तो त्यांचा हक्क आहे. राग तुमच्यावर आहे. गावाचं नाव तुम्ही न विचारता वापरलंत आणि ज्यांच्यामुळे त्या नावाला मैदानात किंमत आली, त्यांना पाण्याच्या बाटल्या आणायला ठेवलंत.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. नवघर, खारी, गोडदेव, मुर्धा, राई, मोरवा, घोडबंदर, कुठल्याही जुन्या वस्तीतल्या माणसाने हे वाचलं तरी तो ओळखेल. 2011 च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. मिठागरं आणि शेतं जाऊन टॉवर उभे राहिले. या सगळ्यात आगरी-कोळी पाड्यांकडे स्वतःचं म्हणून जे थोडं उरलं, त्यात देऊळ आहे, होळी आहे आणि कबड्डीचं मंडळ आहे. देवळाला तुम्ही कमान दिलीत, तिच्यावर तुमचं नाव आहे. होळीला तुम्ही मंडप देता, त्यावरही नाव आहे. ते आम्ही चालवून घेतलं. मंडळ मात्र तुमच्या फलकाची चौकट नाही.

आता त्या रात्रीचं बोलतो.

सामन्याची वेळ नऊची होती. तुम्ही साडेनऊला आलात. पहिली चढाई पडली तेव्हा बारा वाजून गेले होते. पुरुषांचा कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. मैदानावर तुम्ही आमचा जेवढा वेळ खाल्लात तेवढ्यात तीन सामने निकाली निघाले असते. त्या वेळात काय झालं? तुमचा सत्कार झाला, तुमच्या हस्ते इतरांचे सत्कार झाले, मग त्या इतरांनी पुन्हा तुमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. निवेदकाने तुमचं नाव जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा त्याने अख्ख्या स्पर्धेत एकाही चढाईपटूचं घेतलं नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम 2000 सालापासून लागू आहे. शेजारच्या इमारतीत बारावीची पोरं परीक्षेला बसायची होती. त्यांच्या आईवडिलांनी खिडक्या लावून घेतल्या आणि शिव्या कबड्डीला घातल्या. त्या शिव्या तुमच्या होत्या.

आणि खेळाडू? अंग गरम करून साडेआठला तयार झालेली माणसं साडेतीन तास थंडीत घोंगडीसारखे टॉवेल पांघरून बसली होती. ज्याने आयुष्यात एकदा जरी चढाई केली आहे, त्याला ठाऊक असतं की गार पडलेल्या स्नायूंनी मॅटवर उतरणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. त्यातून आपलं मैदान खाडीजवळचं. जानेवारीत मध्यरात्रीनंतर दव पडतं. मॅटवर पाण्याचा पातळ थर धरला. पंचांनी दोनदा खेळ थांबवला, आमची पोरं फरशी पुसायचे कपडे घेऊन मॅट पुसत होती. मॅट अंथरली होती उताराच्या जमिनीवर, खाली भराव नाही, आणि उजव्या बाजूला निदान रेषेजवळ दोन तुकड्यांचा सांधा बोटभर उघडला होता. दुपारी पोरांनी तो तुमच्या माणसाला दाखवला. तो म्हणाला, आधी स्टेजची लाइटिंग होऊ दे.

बाकावर बसलेल्या एका पोराबद्दल सांगतो. नाव देत नाही, तुम्ही त्याला ओळखता. सकाळी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर उभा राहतो, संध्याकाळी हातपाय धुऊन थेट मैदानात. डावा कोपरा खेळतो. त्याची घोटापकड बघायला मी घरचं जेवण सोडून आलेलो आहे. बोनस घ्यायचा तर चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून दुसरा हवेत उचलावा लागतो. त्या क्षणी अंगाचा सगळा भार एका पायावर असतो आणि उडी मारायला जागा नसते. बहुतेक कोपरारक्षक त्या क्षणाच्या आधी झेपावतात आणि फसतात. हा थांबतो. समोरच्याचा मागचा पाय जमिनीवरून सुटला की मगच खाली जातो, दोन्ही हात घोट्याला, खांदा पोटरीला. हे शिकवून येत नाही. ठाणे जिल्ह्याने असे कोपरारक्षक दिलेले आहेत. घोटापकडीसाठी प्रो कबड्डीत नाव कमावलेला गिरीश इरनाक कल्याणचाच.

हा मुलगा त्या रात्री अडतीस मिनिटं बाकावर होता.

तुमचं उत्तर मला माहीत आहे, मंडळाच्या बैठकीत तुम्ही ते दिलंत: जिंकायचं तर बाहेरचे आणावेच लागतात. मग आपण खेळाचंच बोलू. पकड एकट्याने होत नाही. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच श्वासाला कंबर धरावी लागते, नाहीतर दांडगा चढाईपटू कोपऱ्याला फरपटत मध्यरेषेपर्यंत नेतो. ही साखळी महिनोन्महिने एकत्र सराव केल्यावर बसते. तुमच्या सातांनी एकमेकांना आदल्या दिवशी पाहिलं होतं. पहिल्या डावात तुमच्या भाड्याच्या उजव्या कोपऱ्याने चांगल्या पकडी धरल्या आणि मध्यरक्षक जागेवरून हललाच नाही, गुण प्रतिस्पर्ध्याला. विश्रांतीआधी एक लोण, नंतर दुसरा. तिसरी चढाई कोणी करायची यावर तुमचे दोन चढाईपटू मैदानातच हातवारे करत होते. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळाला नाही तर गडी बाद, हे पाचवीतल्या पोराला कळतं. पण जायचं कोणी हे ठरवायला संघ लागतो. पैसे देऊन सात खेळाडू मिळाले, संघ मिळाला नाही. पैसे तुमचे, हरलो आम्ही.

प्रो कबड्डीत लिलाव होतो, मग इथे काय बिघडलं, असंही तुम्ही म्हणालात. 26 जुलै 2014 ला वरळीत ती लीग सुरू झाली तेव्हा मला आनंदच झाला होता. आपला खेळ टीव्हीवर आला, खेळाडूंना पैसे मिळाले. पण तिथे बोली उघड लागते, करार कागदावर असतो, फिजिओ बाजूला उभा असतो. तुमच्याकडे पाकीट असतं, आणि डॉक्टर नसतो.

शेवटची दोन मिनिटं उरली. आम्ही अकरा गुणांनी मागे. गॅलरीत गावची माणसं पोराच्या नावाने ओरडायला लागली, तुम्हाला स्टेजवर ते ऐकू गेलं आणि तुम्ही खूण केलीत. गार पडलेला मुलगा उतरला. पहिल्याच चढाईत त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या मुख्य चढाईपटूचा घोटा धरला आणि गुण मिळवला. अख्खं मैदान उभं राहिलं, तुम्हीही टाळ्या वाजवल्यात, फोटोत आहे. पुढच्या चढाईत तो उजवीकडे मदतीला धावला, ओल्या मॅटवर पाय घसरला आणि त्या उघड्या सांध्यात अडकला. गुडघा आत वळला. रुग्णवाहिका नव्हती. दोघांनी त्याला मध्ये बसवून स्कूटरवरून नेलं. मागे बक्षीस समारंभ सुरू झाला होता.

लिगामेंट फाटलं आहे. या मोसमात तो खेळणार नाही, पुढच्या मोसमाचं डॉक्टर सांगत नाहीत. शेठ, यात फक्त खेळ जात नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांच्या संघांतून या मुंबई-ठाण्यातल्या किती घरांत पहिली पगाराची नोकरी आली, ते आपल्या आधीच्या पिढीला विचारा. त्या नोकरीची वाट जिल्ह्याच्या निवड चाचणीतून जाते आणि चाचणीपर्यंत पोचायला मोठ्या सामन्यांत खेळलेलं दिसावं लागतं. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. रिशांक मुंबईचं पोर. तो घडला तो अशाच मंडळांच्या सामन्यांतून. त्याला कोणी अडतीस मिनिटं बाकावर बसवला असता तर?

मुलींचं तर तुम्ही विसरूनच गेलात. त्यांचा अंतिम सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा असतो, सत्कारांना उशीर होतोय म्हणून तुम्ही तो दहा-दहाचा केलात, आणि बक्षीस पुरुषांच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा कमी. 2012 ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती, 2015 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असं एका गुणाने हरवून सुवर्ण आणलं. एका गुणाने. तुम्ही आमच्या पोरींच्या सामन्यातली दहा मिनिटं कापलीत.

15 जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, तुम्ही नाक्यावर कबड्डी दिनाच्या शुभेच्छांचा फलक लावता. बुवांचा फोटो कोपऱ्यात, तुमचा मध्यभागी. ज्या माणसाने आयुष्यभर या खेळाच्या संघटनेसाठी पायपीट केली, त्याच्या नावाने हे करताना थोडा विचार करा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं 1936 ला बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवून आली. 1990 ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. या सगळ्याच्या मुळाशी गल्लीतली आणि गावातली मंडळं आहेत, वर्गणी काढून चुन्याच्या रेषा मारणारी.

फक्त गावच्याच पोरांना खेळवायचं असं जगात कुठे चालतं, असं तुमचा पुतण्या मला म्हणाला. त्याच्यासाठी सांगतो. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा त्यांचा मातीतला खेळ आहे, हाताने आणि पायानेही खेळतात, पंधरा-पंधरा गडी. 1884 ला त्यांनी संघटना काढली. डब्लिनच्या क्रोक पार्कात अंतिम सामन्याला 82 हजार माणसं बसतात, आणि मैदानावरच्या एकाही खेळाडूला पगार नसतो. माणूस आपल्या गावाच्या क्लबाकडून खेळतो आणि तिथून परगण्याच्या संघात जातो. आजचा त्यांचा सर्वांत नावाजलेला खेळाडू डेव्हिड क्लिफर्ड शाळेत शिकवतो. केरी परगण्याकडून तो देशाचं अजिंक्यपद जिंकतो, आणि फोसा नावाच्या आपल्या छोट्याशा गावाच्या संघातूनही उतरतो. जानेवारी 2023 मध्ये फोसाने खालच्या गटातलं अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद मिळवलं, तेव्हा तो त्यांच्यात होता. क्लिफर्डला विकत घेऊन दुसऱ्या गावाने आपली जर्सी चढवली असती, तर त्या चषकाला कोणी हात लावला नसता. तिकडच्या श्रीमंतांकडे पैसे कमी आहेत म्हणून हे टिकलेलं नाही. गावाचं नाव कोणी घालायचं हे तिथे गाव ठरवतं.

आम्हीही ठरवलं आहे. मंडळाच्या सभेत ठराव येईल: गावाची जर्सी घालणाऱ्या सातांत किमान पाच जण मंडळात दोन वर्षं सराव केलेले असतील. सामना नऊचा म्हणजे नऊलाच, सत्कार सामन्यानंतर, राहतील त्यांच्यासमोर. मॅटखाली सपाट जमीन आणि बाजूला डॉक्टर नसेल तर संघ उतरणार नाही. मुलींचा सामना पूर्ण वेळाचा. हे मान्य नसेल तर चषक तुमच्याकडेच ठेवा. आम्ही वर्गणी काढू, माती लाटू, चुना टाकू आणि दिव्याच्या उजेडाची सोय नसेल तर दुपारी चार वाजता खेळवू.

राहता राहिला तो गुडघा. एमआरआयची पावती सोबत जोडली आहे, शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. तुमच्या स्पर्धेत, तुमच्या मॅटवर झालेली दुखापत आहे, पैसे तुम्ही द्यायचे आहेत. आठवड्याभरात त्याच्या आईच्या हातात नेऊन द्या. तिला स्टेजवर बोलावू नका आणि फोटोवाल्याला सोबत नेऊ नका.

गावच्या मैदानात दर सामन्याला बसणारा,
एक प्रेक्षक