तक्रारवहीचे आबा

आबा मालिका बघत नाहीत, तपासतात. संध्याकाळी सातच्या ठोक्याला धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या घरात चष्मा पुसला जातो, पंखा एकवर येतो आणि मांडीवर दोनशे पानी वही उघडते. पंखा एकवर अशासाठी, की त्याच्या घरघरीत संवाद बुडतात. मे महिन्यात पारा 44 वर असताना धुळ्यात पंखा एकवर ठेवणाऱ्या माणसाचं वाहिनी काहीतरी देणं लागते, असं आबांना वाटलं तर मला त्यात गैर दिसत नाही.

वहीतल्या नोंदी अशा: ‘सून स्वयंपाकघरातून निघाली तेव्हा साडी निळी, दिवाणखान्यात पोचली तेव्हा मोरपंखी. मध्ये फक्त जाहिराती.’ ‘सासऱ्यांना मंगळवारी झटका, शुक्रवारी मोदक. डॉक्टरांना विचारल्याचं दाखवलं नाही.’ ‘प्रोमोत थोबाडीत मारली. प्रत्यक्ष भागात ते स्वप्न निघालं.’ या शेवटच्या प्रकाराची नोंद लाल शाईत होते.

खानदेशात दर दोन गल्ल्यांआड असा एक आबा, आप्पा नाहीतर नाना सापडतो. त्याची पहिली खूण म्हणजे तो मालिका बघतो हे कधीच कबूल करत नाही. “मी कुठे बघतो? ही बघते. मी आपला इथं बसलेला असतो,” हे वाक्य तो ऐकवत असतो तेव्हा ‘ही’ आत कळण्याच्या भाकरी थापत असते आणि बाहेर कोण कोणाचा मुलगा आहे याचा तिला पत्ता नसतो. दुसरी खूण: तो दर सोमवारी मालिका सोडतो. “बंद करी टाक हाई डबडं!” अशी गर्जना होते. मंगळवारी सात वाजता चष्मा पुसला जातो.

आमचे आबा धुळे आगारात वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, साक्रीची फेरी का रद्द झाली, अमळनेरची जादा कधी सुटेल, हे सगळं त्यांनी उभ्या हयातीत त्या फुटक्या आवाजाच्या कर्ण्यावरून सांगितलं. त्यामुळे वाहिनी म्हणजे त्यांच्या लेखी एक मोठं आगार आहे, आणि ते अत्यंत ढिसाळ चाललेलं आहे.

‘आई कुठे काय करते’चंच घ्या. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही मालिका संध्याकाळी साडेसातला लागायची. अरुंधतीच्या संसाराची पडझड बघत बघत आबांनी लॉकडाऊन काढला. मध्येच संजना बदलली, दीपाली पानसरेच्या जागी रूपाली भोसले आली. तेही आबांनी ‘ड्रायव्हर रजेवर गेला, बदली आला’ म्हणून सोसलं. पण 2024 च्या मार्चमध्ये साडेसातची वेळ ‘घरोघरी मातीच्या चुली’ला देऊन अरुंधतीला दुपारी अडीचला बसवलं, तेव्हा आबांचा संयम सुटला. “भरलेली गाडी होती! फलाट बदलला तर कर्ण्यावरून पुकारा तरी करावा लागतो. आणि अडीचला? अडीचला धुळ्यात कुत्रंसुद्धा जागं नसतं!” त्यांनी दुपारची झोप सोडली. आबांच्या घरात तोवर दुपारची झोप कोणी मोडलेली नव्हती, त्यांच्या सख्ख्या साडूनेही नाही.

“आम्ही काही फुकटे नाही,” हा त्यांचा लाडका मुद्दा. 2019 च्या फेब्रुवारीपासून केबलच्या पैशांबद्दल ट्रायचा नवा नियम आला. आधी 130 रुपये अधिक जीएसटी, मग ज्या त्या वाहिनीचे वेगळे. केबलवाल्याने यादी आणून दिली तेव्हा आबांनी एकेका वाहिनीपुढे खूण केली आणि खाली सही ठोकली. तेव्हापासून ते स्वतःला तिकीटधारी प्रवासी समजतात. तिकीटधाऱ्याला तक्रार पुस्तक मागण्याचा हक्क असतो. वाहिनीकडे तक्रार पुस्तक नाही, म्हणून आबांनी स्वतःच ठेवलं.

रात्री साडेनऊला जळगावहून आक्काचा फोन येतो. आक्का ही आबांची थोरली बहीण, लग्नानंतर पिंप्राळ्याची झालेली. दोन्ही घरांतली आजारपणं, सोयरिकी, शेताचा वाद हे विषय या फोनवर कटाक्षाने टाळले जातात. वेळच नसतो.

“आबा, तो बबड्या पाह्यला का रे?”

“देखा ना आक्का. मी तं म्हणतो आपल्या टीव्हीतच काही बिघाड झाला असंन.”

हा संवाद 2021 च्या मार्चमधला, आणि तो दोन्ही घरांत आजही संकटकाळ म्हणून आठवला जातो. ‘अग्गंबाई सासूबाई’ संपली आणि तीच माणसं पुढे घेऊन ‘अग्गंबाई सूनबाई’ आली. आसावरी तीच, निवेदिता सराफ. अभिजित राजे तेच, गिरीश ओक. पण शुभ्रा म्हणून तेजश्री प्रधानच्या जागी उमा पेंढारकर, आणि बबड्या म्हणून आशुतोष पत्कीच्या जागी अद्वैत दादरकर. माणसं बदलतात, एकवेळ मान्य. पण हाच अद्वैत दादरकर जेमतेम आठवड्यापूर्वी संपलेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’त सौमित्र होता. राधिकाचा दुसरा नवरा. चांगला, समंजस, आबांनी मनापासून पसंत केलेला जावई. तो आठ दिवसांत बबड्या होऊन दुसऱ्याच घरात आईला छळायला लागला!

“आरे पण राधिकाचं काय मंग?” आक्काने विचारलं. आबांकडे उत्तर नव्हतं. बरं, ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली शनायाही एकदा रसिका सुनील होती, मग ईशा केसकर झाली आणि मग पुन्हा रसिका सुनील झाली. दर वेळी आक्काने नव्या शनायाचा नव्याने द्वेष करायला घेतला. पहिली परतल्यावर तिला साठवलेला द्वेष उघडून वापरावा लागला. या वयात एवढी दगदग नको, असं डॉक्टरांचंही म्हणणं होतं.

वाहिनीवाले हे का करतात, हे न कळण्याइतके आबा भाबडे नाहीत. गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. ज्या बाईचा ट्रॅक चालला तिचं दुःख वाढवायचं, ज्याचा पडला त्याला परदेशी पाठवायचं. म्हणूनच ‘होणार सून मी ह्या घरची’तल्या जान्हवीचं गरोदरपण एवढं लांबलं, की 2015 साली त्यावरचे विनोद मालिकेपेक्षा लवकर प्रसूत होत होते. आक्काने त्या बाळासाठी दुपटी शिवली होती असं आबा सांगतात. हे खोटं असावं. आक्का म्हणते, झबलं होतं.

माझं मत विचाराल तर वाहिनीचा हिशेब एका ठिकाणी चुकतो. आठवड्याच्या आकड्याकडे बघताना त्यांना वाटतं, प्रेक्षकाला आठवडाभराचंच आठवतं. पण रोजची मालिका उभी असते ती मागच्या शेकडो भागांच्या आठवणीवर. अमक्याने तमकीला काय वचन दिलं होतं, कोणतं पत्र कोणत्या कपाटात आहे, हे ठाऊक नसेल तर आजच्या बावीस मिनिटांत पेला पडण्यापलीकडे काहीच घडत नाही. लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, सगळं आठवणारा माणूस देवपुरात बसलेला असतो, आणि त्याला कोणी विचारत नाही.

‘ठरलं तर मग’मुळे तर आबांचा न्यायव्यवस्थेवरचा विश्वास वाढला. 2022 च्या डिसेंबरात मालिका सुरू झाली. मधुभाऊंना खुनाच्या आरोपातून सोडवायचं म्हणून सायलीने वकील अर्जुन सुभेदारशी करार करून लग्न केलं. दोन वर्षं उलटली तरी खटला जिथल्या तिथेच होता. आबांचा एक जमिनीचा दावा धुळ्याच्या न्यायालयात आहे, त्याबद्दल ते पूर्वी कडवट बोलायचे. मग म्हणायला लागले, “आपली तारीख तरी पडते. तिथं साक्षीदार दारापर्यंत येतो आणि सोमवारपर्यंत तिथंच उभा राहतो.” सायलीच खरी तन्वी आहे हे घरातल्या मांजरालाही माहीत, पण सुभेदारांना आणि किल्लेदारांना कळेना, याने आक्का इतकी कावली की एकदा भर जेवणात टीव्हीला म्हणाली, “आरे सांगून टाका ना कोणीतरी, माह्या गोळ्यांचा टाइम होऊन राह्यला!”

यापलीकडची एक जखम आहे, आणि ती मात्र खरी खानदेशी. 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घराघरात नेली. त्याच वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’च्या राणादाने कोल्हापूर गाजवलं आणि राधिका नागपूरहून आली. पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे गेली. आबा नकाशावर बोट फिरवत खाली कोकण, इकडे विदर्भ असं करत येतात आणि तापीकाठी बोट थांबवतात. “आमनं काय? भरीत, शेवभाजी, बिबडे... एकालेबी भूक लागत नई का?” रविवारी मालिकेचा दोन तासांचा महाभाग ठेवला, तोही नेमका कानबाईच्या उत्सवाच्या रविवारी, हा गुन्हा तर त्यांनी वहीत चौकट आखून लिहिला आहे. घरोघर रोट रांधले जात होते, जागरणाची तयारी होती, आणि इकडे लग्नातून नवरी पळून गेली होती! “मुंबईत बसून वेळापत्रक केलं की असं होतं,” आबा म्हणाले. “कानबाई कोन शे, हाई त्यासले काय माहीत?” नातू मोबाइलवर मालेगावची खानदेशी विनोदी चित्रफीत लावून समजूत घालू पाहतो. आबा ती बघतात, हसतात, आणि म्हणतात, “हे बरं आहे, पण यात सासू नाही.”

उपाय काय, यावर बहीण-भावांचे मतभेद आहेत. आक्काचा शापावर विश्वास. आबा पडले कामगार चळवळीतले, त्यांचा संपावर. त्यांच्याकडे दाखलाही आहे. 1988 साली रामानंद सागरांचं ‘रामायण’ राज्याभिषेकाशी आटोपलं, तेव्हा लव-कुशांची कथा दाखवा म्हणून जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. कचरा साचला, सरकार हललं, आणि उत्तर रामायण पडद्यावर आलं. आबांना हा भारतीय कामगार चळवळीतला सर्वोच्च क्षण वाटतो. पण निवृत्त माणसाने संप करायचा तो कशाचा? त्यांनी एकदा घरात उपोषण सुरू केलं. आबींनी, म्हणजे त्यांच्या ‘ही’ने, मांडे केले, आणि ते पहिल्याच दिवशी मागे घेण्यात आलं.

मग त्यांना डब्याचा शोध लागला. टीआरपी आपल्यासारख्यांच्या बघण्यावर ठरतच नाही, तर बार्क नावाची संस्था देशभरात तेव्हा जेमतेम 55 हजार घरांत मापनयंत्राचे डबे बसवत होती, हे त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं. तेव्हाच्या हिशेबाने टीव्ही असलेली घरं देशात 21 कोटी. म्हणजे एक घर पावणेचार हजारांहून जास्त घरांच्या वतीने बघत होतं. त्या घरात प्रत्येक माणसाला रिमोटवर आपापलं बटण असतं, आणि कोणती घरं ती, हे गुप्त. आबा दोन दिवस जेवले नाहीत. एवढी वर्षं वही लिहिली, डोळे फोडले, दुपारची झोप गेली, आणि मोजदादीत आपण धरलेलेच नाही? विनातिकीट प्रवाशाचीसुद्धा नोंद होते!

त्यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष नियंत्रकालाच सुचावा असा होता. देवपुरात कोणाकडे तरी डबा असणारच. ते घर शोधायचं आणि त्या घराला वळण लावायचं. सत्यनारायण, बारसं, मयत, कुठल्याही निमित्ताने आबा लोकांकडे जाऊ लागले आणि यजमानांऐवजी टीव्हीच्या मागे बघू लागले. तिसऱ्या गल्लीत, नुकत्याच राहायला आलेल्या एका शिक्षक दांपत्याच्या घरी त्यांना टीव्हीशेजारी तो दिसला. काळा, चपटा, वर हिरवा दिवा लुकलुकणारा. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वादोनला ते आंब्यांची पाटी घेऊन हजर झाले.

“वहिनी, आमची लाइट गेली आहे. जरा बसू का?”

मास्तरीणबाईंच्या घरात तोवर मालिका शिरली नव्हती. आबा रोज येत गेले, आंबे संपल्यावर बिबडे घेऊन, बिबडे संपल्यावर नुसतेच. त्यांनी बाईंना अरुंधतीची मागची सगळी कथा वहीसकट समजावली. अनिरुद्ध असा का, आशुतोषला मारून टाकायची काय गरज होती, यश कोणाचा. महिन्याभरात बाई आबांच्या आधी टीव्ही लावून बसू लागल्या, मास्तर शाळेतून आल्या आल्या “काय झालं?” विचारू लागले. गुरुवार आला की आबा मिश्कील हसत. धुळ्याच्या देवपुरातून अरुंधतीला टेकू दिला जात होता, आणि मुंबईत कोणाला पत्ता नव्हता.

तो डबा इंटरनेटचा राउटर आहे, हे मास्तरांच्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं; आपण त्याला काय समजत होतो, हे बाईंना मात्र कळू दिलं नाही.

30 नोव्हेंबर 2024 ला ‘आई कुठे काय करते’ संपली. सोमवारी दुपारी अडीचला मास्तरीणबाई आबांच्या घराच्या दारात उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती.

“आबा, तुम्ही लावून दिली ना? मग अशी कशी संपवली? आणि आता अडीचला आम्ही काय बघायचं?”

आबांनी चष्मा काढला, घसा खाकरला, आणि वर्षानुवर्षं खिडकीतून सांगितलेलं वाक्य आपसूक त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं:

“गाडी अजून डेपोतूनच आलेली नाही. बाकावर बसून घ्या.”