चौथी ब जंगलात जाते

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षा केली की थोड्याच वेळात नॅशनल पार्कचं गेट येतं, आणि गेटापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी. शंभरावर लेणी आहेत तिथे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं बौद्ध भिक्षू या डोंगरात राहत होते. पावसाळ्यात तर एका जागी मुक्काम करायचा हा त्यांचा नियमच. झोपायला दगडी ओटे, प्यायला कातळात खोदलेल्या टाक्यांमधलं पावसाचं पाणी, आणि अकरा क्रमांकाच्या लेण्यात पंगत बसू शकेल असे दोन लांबच लांब, बुटके दगडी बाक. मुंबईच्या उपनगरातलं हे सगळ्यांत जुनं निवासी शिबिर. फक्त भिक्षूंच्या आया पायथ्याशी गाडी लावून थांबलेल्या नसत.

हल्लीच्या शिबिराची सुरुवात डायरीत चिकटवलेल्या कागदाने होते. दिवाळीची सुट्टी संपली, थंडीची अफवा पसरली, की चौथीच्या वर्गात हा कागद येतो. वर शाळेचं नाव, मध्ये शिबिराची उद्दिष्टं, खाली ठिपक्यांच्या रेघेवर कापायचं संमतिपत्र. नेतृत्वगुण, संघभावना, स्वावलंबन, निर्णयक्षमता आणि निसर्गप्रेम. हे सगळं नऊ वर्षांच्या मुलात शनिवारी सकाळी सात ते रविवारी संध्याकाळी सहा या वेळात भरायचं असतं. ज्या वयात मुलगी डाव्या-उजव्या चपलेबाबत अजून खुलं धोरण ठेवून असते, त्या वयात तिला नेतृत्वगुण कशाला, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मुलं हा मजकूर वाचतच नाहीत. त्यांचं लक्ष सामानाच्या यादीतल्या एकाच वस्तूकडे असतं: टॉर्च.

टॉर्च घरी आला की शिबिर सुरू झालं. मग आठवडाभर तो पांघरुणाखाली पेटतो, हनुवटीखाली धरून धाकट्या भावाला घाबरवण्यासाठी पेटतो, आजोबांच्या घशात डोकावण्यासाठी पेटतो. तळहाताच्या मागे धरला की बोटं लाल दिसतात, हा शोध वर्गातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे लागतो. शुक्रवारी रात्रीपर्यंत सेलमध्ये जीव उरत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष जंगलात चाळीस टॉर्च असतात आणि उजेड बाईंच्या मोबाईलचा असतो.

दरम्यान पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो. तंबू आहेत की खोल्या? तंबूला आतून कडी असते का? अंघोळीला गरम पाणी मिळेल का, आणि मिळत असेल तर मूल अंघोळ करेल याची जबाबदारी कोणाची? घाटकोपर-मुलुंडकडच्या शाळेत जैन जेवणाची वेगळी पंगत असते. तिच्यासाठी पालकांची नोंदणी शांतपणे, एका ओळीत होऊन जाते. गोंधळ घालतात ते बाकीचे. ‘आमचा फक्त घरचंच वरण खातो.’ ‘तिथे रेंज नाही म्हणजे नक्की कुठल्या कंपनीची नाही?’ बाई रात्री अकरापर्यंत उत्तरं देतात. ‘खाऊ पाठवू नये’ असं त्या तीनदा लिहितात, आणि तिन्ही वेळा त्याखाली अंगठे उमटतात. ज्यांनी अंगठे दिले त्यांच्या स्वयंपाकघरात त्या क्षणी थेपले लाटणं चालू असतं.

कपड्यांवर नावं घालायची असतात. एक आई रात्री बारा वाजता मोज्यांवर मार्करने नाव लिहीत बसलेली असते. मोजे ताणले की अक्षरं पसरतात, सोडले की एकमेकांवर चढतात. शेवटी ती आडनाव सोडून देते.

मग अर्थातच बिबट्या. शिबिर कर्जतला असो की गोरेगावला, बिबट्याचा विषय ग्रुपवर निघतोच, आणि तो बहुधा मुलुंडच्या बाजूने निघतो, कारण मुलुंडकरांकडे सोसायटीच्या कॅमेऱ्यातला एखादा व्हिडिओ असतोच. खरं सांगायचं तर यात शिबिराचा काही दोष नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं. पश्चिमेला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव आणि पूर्वेला मुलुंड, भांडुप त्याला खेटून उभे. उद्यान आणि आरेच्या परिसरात कॅमेरे लावून मोजणी केली तेव्हा २०१८ साली बिबटे पन्नासच्या आसपास निघाले. म्हणजे जे मूल रोज सहाव्या मजल्यावर अभ्यास करतं, त्याच्या बाल्कनीपासून बिबट्या आधीच हाकेच्या अंतरावर आहे. शिबिरासाठी बसने साठ किलोमीटर दूर जाणारं मूल उलट त्याच्यापासून लांब चाललेलं असतं.

२०११ मध्ये वनविभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यांनी लोकांना सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या, अंधारात मुलांना एकटं सोडू नका, घोळक्याने चाला आणि चालताना बोलत राहा. यातली शेवटची सूचना चौथी ब कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय पाळते. बिबट्या हा संकोची प्राणी आहे. चाळीस मुलं एकाच वेळी ‘बाई, हा मला ढकलतोय’ म्हणत येताना ऐकून तो कुठल्या दिशेने जाईल, हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही.

मुक्कामाच्या शिबिराआधी बहुतेक शाळा एक दिवसाची रंगीत तालीम करतात. त्यासाठी गोरेगावला फिल्मसिटीच्या शेजारी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे. संस्था १८८३ सालची, केंद्राचं रान ३३ एकरांचं. कुंपणाच्या एका बाजूला खरं जंगल आणि दुसऱ्या बाजूला मालिकांमधलं, अशी ही मोक्याची जागा; पैकी दुसरं जंगल मुलांच्या जास्त ओळखीचं असतं. वाट दाखवणारा ताई-दादा पहिल्यांदा सांगतो, ‘शांत राहिलात तर पक्षी दिसतील.’ मग चाळीस मुलं एकमेकांना शांत राहायला सांगू लागतात. पक्षी दिसत नाहीत.

पण कोळी दिसतो. पावसाळा सरत आला की या भागात वाटेवर आडवी जाळी लागतात. जायंट वुड स्पायडरची. मादी लांब पायांसकट मोठ्या माणसाच्या तळव्याएवढी, काळी-पिवळी, जाळ्याच्या मध्यावर ऐटीत उलटी. दादा विचारतो, नर कुठे आहे? मुलं झाडावर बघतात, खाली बघतात, एक जण स्वतःच्या टोपीत बघतो. नर तिथेच असतो, त्याच जाळ्यात, साबुदाण्याएवढा. तो जपून जपून, एकेक पाय उचलत, तिला चाहूल लागणार नाही अशा बेताने कडेने सरकत असतो. ‘घाबरतोय का तो?’ ‘हो, ती त्याला खाऊ शकते.’ यावर मुलींमध्ये जी प्रसन्नता पसरते ती कुठल्याही मूल्यमापन तक्त्यात बसणारी नाही. वीस मिनिटं कोणी हलत नाही. नेतृत्वगुणांसाठी राखून ठेवलेला पाऊण तास अशा तऱ्हेने कोळ्याच्या खात्यात जमा होतो, आणि ज्याने तो जमा होऊ दिला त्या दादाला शिबिर कळलेलं असतं.

नशीब असेल तर कारवीही. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. नॅशनल पार्कात २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. आता २०३२. जे मूल २०२४ मध्ये दुसरीत होतं आणि ज्याने जांभळ्या फुलांपेक्षा सँडविचकडे जास्त लक्ष दिलं, ते पुढच्या बहराला दहावीत असेल. तेव्हा क्लास असणार. कारवीला पुढची तारीख मिळेल.

मुलांना तंबूत झोपवण्याची ही कल्पना बेडन पॉवेल यांच्या नावावर आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलं नेली आणि तिथून स्काउटिंग सुरू झालं. धाकट्या भावंडांनी फारच भुणभुण लावली म्हणून १९१६ मध्ये लहानांसाठी वेगळी शाखा काढावी लागली, आणि तिच्यासाठी गोष्ट घेतली ती किपलिंगच्या मोगलीची. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्यामुळे आज एखाद्या शाळेच्या मैदानावर कबची मुलं अकेला लांडग्याच्या गोष्टीत रमतात, तेव्हा मुंबईकराचाच माल विलायतेला जाऊन, त्याला शिस्त लागून परत आलेला असतो.

असो. शनिवार उजाडतो. मुलुंडहून निघालेली बस ऐरोलीच्या पुलावर चढते. ओहोटी असेल तर ठाणे खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उभे असतात. खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे. ‘डावीकडे बघा’ म्हटल्यावर निम्मा वर्ग उजवीकडे बघतो. याच सुमाराला पहिली उलटी होते. बाईंच्या पर्समध्ये लिंबू, आवळासुपारी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, त्या क्रमाने. खाऊ न आणलेल्या चाळीस मुलांच्या चाळीस दप्तरांतून खाकरे, चकल्या, शंकरपाळे आणि थेपले बाहेर येतात आणि उघड बाजार भरतो. दोन चकल्यांना एक थेपला हा दर ठरलेला असतो; पनवेलनंतर थेपल्याचा भाव चढतो. संघभावना म्हणतात ती हीच असावी, आणि ती तिकिटात कुठेही धरलेली नाही.

कर्जत-मुरबाडकडच्या शिबिरांच्या जाहिरातींत दोरीचे पूल, जाळीवर चढणं, झिपलाइन असं बरंच काही असतं. त्यातलं थोडंफार मुलांना आवडतंच. पण कुठल्या डोक्यातून ‘रेन डान्स’ या यादीत शिरला ते कळायला मार्ग नाही. अख्खा पावसाळा अंधेरी सबवेच्या पाण्यात पाहिलेल्या मुलांना डिसेंबरात जंगलात नेऊन, वर पाइप लावून, डीजेच्या तालावर भिजवायचं आणि रात्री त्यांच्या सर्दीचा हिशेब द्यायचा, याला साहस म्हणायचं असेल तर ते बाईंचं.

खरं शिबिर दिवे गेल्यावर सुरू होतं. उपनगरातल्या मुलांनी अंधार असा पाहिलेलाच नसतो. घरी दिवा घालवला तरी समोरच्या टॉवरचा, मेट्रोचा, जाहिरातीच्या फलकाचा उजेड भिंतीवर असतो. सर शेकोटीजवळून आकाश दाखवतात. मृग नक्षत्र, त्यातले ओळीतले तीन तारे, खाली चमकणारा व्याध. घाटकोपरची मुलं मन लावून बघतात आणि विचारतात, ‘उतरतंय कधी?’ विमानतळाच्या वाटेखाली वाढलेल्या मुलांचा अनुभव असा, की आकाशातला दिवा थोड्या वेळाने खाली येतोच. व्याध खाली येत नाही. एक जण सुचवतो, धावपट्टी मोकळी नसेल.

मग संडासला जायचं असतं. एकाला जायचं असतं म्हणून सात जण जातात, सातांना सोडायला बाई जातात, परत आल्यावर आठव्याला आठवण होते. दहाच्या सुमाराला कोपऱ्यातल्या गादीवरून मुसमुसणं ऐकू येतं. पहिल्याचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरा. बाई पहिल्याला उठवून तिसऱ्याजवळ बसवतात आणि सांगतात, ‘याला जरा समजव.’ तो डोळे पुसून, अतिशय अनुभवी आवाजात सांगू लागतो की घाबरायचं नसतं, त्यालाही आधी असंच व्हायचं. आधी म्हणजे चार मिनिटांपूर्वी. अनेक वर्षं शिबिरं नेलेल्या बाईंना अशा युक्त्या येतात; त्या कुठल्याही बी.एड.ला शिकवत नाहीत. स्वतः बाई दाराशी आडव्या होतात आणि झोपत नाहीत. सोमवारी त्यांना पहिला तास असतो. चौकशी करावी ती याची. गरम पाणी मिळालं का याची नव्हे.

मुलांनी उघड्यावर शिकावं यासाठी दर वेळी शुल्क, बस आणि टोपी लागतेच असं नाही. ताराबाई मोडक मुंबईतल्याच. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर आणि मग दादरला बालशिक्षणाचं काम करून त्या १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांना गुरं राखायची असतात, हे दिसल्यावर ताराबाईंनी हजेरीपटाचा त्रागा केला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं शिकतायत, आणि घंटा वाजवायला शिपाई नाही. आज बोरिवलीहून डहाणू लोकल धरून त्या भागात जाता येतं. एखाद्या शाळेने पाचवीची सहल तिकडे नेली तर काय बिघडेल? रेन डान्स तिथे नाही, ही अडचण मात्र मान्य.

आणि इतकं लांबही कशाला? नॅशनल पार्कात वारल्यांचे पाडे आहेत, नवापाडा, तुमणीपाडा. तिथली मुलं शाळेसाठी जंगलातून चालत बाहेर येतात, तर चौथी ब जंगलासाठी शाळेतून बसने निघते. पाड्यावरच्या नऊ वर्षांच्या मुलाला कुठल्या झाडाचं फळ खायचं आणि कुठल्या वाटेने संध्याकाळी जायचं नाही हे ठाऊक असतं. त्याच्या प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नाही; आपल्या मुलाने दोरीच्या पुलावरून जाऊन आणलेलं प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट होतं.

रविवारी बस दीड तास उशिरा पोहोचते. रस्त्याच्या कडेला पालक उभे, काहींच्या हातात गरम दूध. मुलं धुळीने एका रंगाची झालेली असल्यामुळे ओळखायला वेळ लागतो. ‘काय काय शिकलास?’ या प्रश्नाला ‘भूक लागलीय’ हे उत्तर मिळतं. कोळ्याचा विषय तीन दिवसांनी जेवताना निघतो, तोही बाबा आईला न विचारता फ्रीज उघडतात तेव्हा.

सोमवारी ग्रुपवर बाईंनी फोटो टाकलेला असतो. मालक न मिळालेलं सामान: चार टॉवेल, एक टोपी, नऊ मोजे (सगळे एकेकटे), दोन टॉर्च आणि एक निळी चड्डी. चड्डीवर मार्करने ठळक अक्षरांत नाव आहे: आरव. वर्गात आरव चार आहेत. संध्याकाळपर्यंत चारही घरांतून उत्तर आलेलं असतं, ‘आमची नाही, बाई.’