कोथरुडात धोका कसा पत्करावा

कोथरुडात नव्याने राहायला आलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते : इथे काही घडतच नाही हो. ही तक्रार अज्ञानातून येते. धोका इथेही आहे, फक्त तो शोधावा लागतो.

सुरुवात दारापासून करावी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला लाकडी दार, त्याबाहेर जाळीचे सेफ्टी डोअर, लॅच, कडी, साखळी आणि एक दणकट कुलूप एवढे पुरते. निघताना कुलूप दोनदा ओढून पाहावे, जिना उतरावा, पुन्हा चढावा, तिसऱ्यांदा ओढावे. मग किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यावी. त्या ती फ्रिजवर ठेवतात. हे दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते.

वॉचमनमामांच्या वहीत नोंद सक्तीची आहे. ती कोणी वाचण्याची सक्ती नाही. मी एकदा परक्या सोसायटीत ‘नाव : अफझलखान, कोणाकडे : प्रतापगड, काम : भेट’ असे लिहून आलो. ‘जाण्याची वेळ’ हा रकाना अर्थातच कोरा ठेवला. मामांनी सही तेवढी मागितली.

आमच्याकडे सीसीटीव्ही आठ आहेत. आजवर सापडलेला एकमेव गुन्हेगार म्हणजे ओल्या कचऱ्यात सुका टाकणारे बी विंगचे निवृत्त प्राध्यापक. फुटेज सर्वसाधारण सभेत दोनदा दाखवले गेले, दुसऱ्यांदा त्यांच्याच आग्रहावरून. कचरा सुका होता हे त्यांना मान्य नव्हते.

स्फोटाची हौस असेल तर जरा उशीर झाला. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी, रात्री एकच्या सुमारास, सुमारे ६०० किलो स्फोटके लावून उडवला. मुहूर्त गांधीजयंतीचा. पोलिसांनी लांब राहायला सांगितले होते, म्हणून लोक बघायला गेले. धुरळा खाली बसला तेव्हा पुलाचा बराच भाग जागच्या जागी. जुन्या काळचे लोखंड, ऐकते कुणाला! उरलेला मग यंत्रांनी फोडून काढावा लागला. आमच्या इमारतीतल्या पुनर्विकासविरोधी गटाला त्या रात्री फार बळ मिळाले.

टेकडीवर जाताना काठी घ्यावी. ती कुत्र्यांसाठी असते, पण चालवली जाते ती राजकारणावरच्या चर्चेत, मुद्दा पटवताना.

राहता राहिले जंगली श्वापद. ९ डिसेंबर २०२० च्या सकाळी महात्मा सोसायटीत रानगवा आला. अशा वेळी सुरक्षित अंतर राखावे, म्हणजे गवा मोबाइलच्या चौकटीत पुरता मावेल एवढे. लोकांनी ते काटेकोरपणे राखले आणि तेवढ्याच अंतराने त्याच्यामागे धावले. काही तासांनी गवा पकडला गेला. पळून पळून दमलेला, जखमी. त्याच दिवशी तो मेला.

दोन आठवड्यांच्या आत दुसरा गवा दिसला, तो बावधनच्या बाजूला. तो कोथरुडात उतरला नाही. त्याला कुणीतरी सांगितले असावे.