अभ्यासक्रमाबाहेरचं पोट

माझ्या पोटाचा मला भलताच गर्व आहे. निलंगा राईस, त्यावर धपाटं, धपाट्यावर ठेचा असा ऐवज रिचवून मी लोहा, अहमदपूर, चाकूर हे सगळे खड्डे एस.टी.त घोरत पार केलेत. 'दगड खाल्ला तरी जिरवील,' असं सोयरे माझ्याबद्दल म्हणतात. म्हणजे आधी मीच म्हणतो, ते मान हलवतात.

असं हे नामांकित पोट मे महिना जवळ आला की बंड करतं. नीट मुलीची, ती लातूरला, आणि नांदेडात बायको मला विचारते, "पेपर तिचा हाय, तुम्ही कामून परसाकडं पळायलाव?"

मी शास्त्र सांगितलं. मेंदूतून निघालेली व्हेगस नावाची नस मान, छाती ओलांडून पोटात उतरते. तिच्यातले सुमारे 80 टक्के तंतू पोटाच्या खबरा वर नेतात, मेंदूचे हुकूम खाली आणणारे थोडेच. शिवाय अन्ननलिकेपासून खालपर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं. माणूस धास्तावला की जठर रिकामं व्हायचं मंदावतं आणि मोठं आतडं उलट घाई करतं. वर तुंबलेलं, खाली पळापळ.

"बरं," ती म्हणाली. "ओवा खावा अन् गप पडा."

तिला अलेक्सिस सेंट मार्टिन सांगायचा राहिला, तो तुम्हाला सांगतो. 6 जून 1822 ला अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर बंदूक चुकून उडाली आणि या तरुणाच्या पोटाला भोक पडलं. गडी वाचला, भोक काही बुजलं नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांना खिडकीच सापडली. ते रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून, विहिरीत पोहरा सोडावा तसे आत सोडत आणि थोड्या वेळानं ओढून बघत. असं कित्येक वर्षं! सेंट मार्टिन वैतागायचा, मध्येच निघूनही जायचा. तो चिडला की पचन बिघडतं, हे डॉक्टरांनी टिपून ठेवलं. 1833 साली पुस्तकही काढलं. चिडण्याचं कारण दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला उभं होतं, त्याचं काय? 1880 मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती पोट लागू नये म्हणून घरच्यांनी प्रेत आधी सडू दिलं, मग खोल पुरलं. शाबास!

लातूरला गेलो तर मुलीचा मेसचा डबा तसाच. फोनवर रोज "जेवले, पप्पा" म्हणणारी पोरगी. "घास उतरतच नाही," म्हणाली. खोलीत चौघी, चौघींच्या उशाशी ॲसिडिटीच्या गोळ्या. सतरा वर्षांची लेकरं ही! मला संताप आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. 'टेन्शन घेऊ नको' म्हणायचं आणि त्याच दमात रविवारच्या टेस्टचे मार्क विचारायचे, हा दोरा रोज मीच तर ओढत होतो.

काहीतरी बोलायचं म्हणून तिला व्हेगसचं सांगायला लागलो.

"पप्पा, पचनाचा धडा नीटमधून 2024 लाच काढला," ती म्हणाली, आणि हसत हसत अर्धी भाकरी खाल्ली.

तेव्हा लातूरला फोन लावणाऱ्या समस्त आईबापांना विनंती: लेकरू जेवलं का, एवढंच विचारा. मार्क क्लासवाले व्हॉट्सॲपवर पाठवतातच.