वडिलोपार्जित व्हाइसचा जीर्णोद्धार : नियम व कार्यपद्धती

आजोबांच्या पश्चात जमीन, दागिने आणि ठेवी यांची वाटणी कशी करावी, याचे कायदे आहेत. पडवीतल्या टेबलाला बोल्टने जखडलेल्या बेंच व्हाइसबद्दल मात्र कायदा मूग गिळून बसला आहे. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियम केले आहेत. काम करणारे, काम पाहणारे आणि नुसता सल्ला देणारे, अशा तिन्ही प्रकारच्या नातेवाइकांना ते लागू राहतील.

कलम 1 : वारस ठरवणे

6 इंची व्हाइस, म्हणजे ज्याच्या जबड्याची रुंदी 6 इंच, सहज पंधरा-वीस किलो भरतो. त्यामुळे वाटणीच्या दिवशी तो कोणालाच नको असतो. भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, की त्याच क्षणी तो ‘दादांची आठवण’ होतो. असा वाद उद्भवल्यास सर्वांना व्हाइसजवळ उभे करावे आणि तो गाडीपर्यंत उचलून नेण्याची विनंती करावी. जो नेईल तो वारस. उरलेल्यांची आठवण मनात राहील.

कलम 2 : वंशावळ

प्रत्येक घरातला जुना व्हाइस ‘इंग्लंडचा’ असतो. शेफील्डला ‘रेकॉर्ड’ नावाचे नामांकित व्हाइस बनत, हे खरे. पण आपल्याकडचे सगळे जुने व्हाइस तिथलेच असते, तर शेफील्डला सुऱ्या-काटे बनवायला उसंत मिळाली नसती. रंग खरवडल्यावर खालून बटाला किंवा लुधियाना निघाले, तर खट्टू होऊ नये. आजीला मात्र इतक्यात सांगू नये. अंगावर एखाद्या सरकारी खात्याची अक्षरे निघाली, तर संशोधन तिथेच थांबवून रंगकामाला लागावे.

गिरणगावातल्या घरात व्हाइस असेल, तर तो 18 जानेवारी 1982 च्या गिरणी संपाआधी आला की नंतर, हे विचारून घ्यावे. आधी आला असेल तर तो छंद. नंतर आला असेल तर त्याने घर चालवले आहे. तेव्हा पुढच्या सर्व कलमांत आजीचा शब्द अंतिम राहील.

कलम 3 : उत्खनन

व्हाइसला स्वतःचा असा रंग कधी नसतो. खिडक्यांचे गज रंगवून डब्यात जे उरेल ते त्याच्या वाट्याला येते. त्यामुळे एकेक थर काढत गेले, की घराचा इतिहास उलट्या क्रमाने उलगडतो : बाथरूमच्या दाराचा करडा, धाकट्या आत्याच्या लग्नातला निळा, त्याखाली गजांचा हिरवा. मधल्या फटींत, जिथे फडका पोहोचत नाही तिथे, वर्षानुवर्षांच्या खंडेनवमीचे हळदकुंकू ग्रीसमध्ये मळून घट्ट बसलेले असते. झेंडूची एखादी पाकळीही निघते.

सर्वांत खाली शेंदरी थर लागला तर हात आवरावा. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. लोखंडाला गंज चढू नये म्हणून पूर्वी पहिला हात त्याचाच देत. तेव्हा आजोबांनी व्हाइसला मारुती मानले होते की प्रायमर लावला होता, याचा निर्णय आता होणे नाही. जुन्या तेलरंगांतही शिसे असे. म्हणून कोणताही जुना थर कोरडा घासू नये. तो ओला करून, तोंडाला मास्क बांधून, मुलांना दूर पाठवून काढावा.

कलम 4 : सोडवणूक

स्क्रू हलत नसेल तर प्रत्येक नातेवाइकाकडे एकेक उपाय असतो. काका म्हणतात, हातोडा घाल. हे करू नये. व्हाइसचे अंग बहुधा बिडाचे असते. बीड दाब वाटेल तितका सोसते, पण ताण आणि ठोसा सोसत नाही. तडा गेला तर त्याला वेल्डिंग करणारा कारागीर शोधावा लागतो, आणि तो सापडला तरी जोड टिकेलच असे नाही. मामा म्हणतात, दांडीत पाइप घालून फिरव. हेही करू नये. दांडीची लांबी माणसाच्या हाताचा जोर धरूनच ठरवलेली असते. पाइप जोडला की व्हाइस मामांच्या बाजूने राहत नाही. आई खोबरेल सुचवते. ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते, पण आईचे मन राखण्यासाठी दांडीला बोटभर लावावे.

खरे कारण असे, की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतो आणि आट्यांमधली फट भरून टाकतो. तिथे पातळ तेल झिरपू द्यावे, रात्रभर थांबावे, स्क्रू थोडा मागे-पुढे करून पाहावा आणि पुन्हा तेल सोडावे. या काळात नातेवाइकांना चहा देत राहावे.

स्क्रू सुटला की दांडी डावीकडे फिरवत राहावी. पुढचा जबडा शेवटी एकदम मोकळा होतो. त्याच्या खाली हात धरावा, पाय धरू नये. पाठीमागचे वॉशर, स्प्रिंग आणि पिन ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने परातीत मांडून फोटो काढावा. परात स्वयंपाकघरातली असल्यास परवानगी आधी घ्यावी.

नटातले जुने ग्रीस फेकण्याआधी उजेडात पाहावे. त्यात पिवळा कीस असेल तर आजोबांनी पितळेवर काम केले, लालसर असेल तर तांब्यावर. जबड्याच्या कडेला हॅकसॉचा कापही सापडतो. तो कोणी केला, याची चौकशी केल्यास सगळे घर एकमुखाने जावयाचे नाव घेते.

कलम 5 : गंज काढणे

लहान भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात काही तास ठेवावेत, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करून तेल लावावे. आळस केला तर संध्याकाळपर्यंत नवा गंज हजर होतो. मोठ्या भागांसाठी प्लास्टिकच्या टबात धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा चार्जर आणि लोखंडाचा एखादा भंगार तुकडा पुरतो. व्हाइस ऋण टोकाला, तुकडा धन टोकाला. तुकड्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा वापरू नये, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. शिवाय चमचे सेटमधले असतात. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून तो अंगणात ठेवावा आणि जवळपास उदबत्ती लावू नये, हेतू कितीही शुद्ध असला तरी.

कलम 6 : रंग

रेड ऑक्साइडवर एनॅमल द्यावे. छटेवर एकमत होईपर्यंत वाट पाहू नये. तेवढ्यात पुन्हा गंज चढतो. स्क्रू, सरकपट्टी आणि जबड्याच्या पोलादी पट्ट्या मात्र रंगवू नयेत. तिथे अनुक्रमे ग्रीस, तेल आणि संयम लागतो. पट्ट्या कठीण केलेल्या असतात, त्यांच्यावर कानस नुसती घसरते. दाते झिजले असतील तर पट्ट्या बदलाव्यात, आणि नाजूक जॉब धरताना वर तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे पत्रे घालावेत.

कलम 7 : स्थापना

टेबलाची उंची अशी हवी, की हनुवटीला मूठ टेकवून उभे राहिल्यावर कोपर जबड्याच्या माथ्याला लागावे. मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर असावा, म्हणजे लांब गज उभा धरता येतो. आजोबांचे टेबल आजोबांच्या कोपराच्या मापाचे असते. नातू उंच निघाला तर टेबलाखाली ठोकळे द्यावेत. नातू ठेंगणा निघाला तर पायाखाली फळी घ्यावी, पण टेबलाचे पाय कापू नयेत. पुढचा नातू उंच निघू शकतो.

कलम 8 : मनाई

जीर्णोद्धारित व्हाइस हॉलमध्ये ठेवणे, त्यावर मनीप्लांट किंवा टेबललॅम्प बसवणे आणि पाहुण्यांना ‘हे आमच्या आजोबांचे’ म्हणून दाखवणे, या तिन्ही गोष्टींना सक्त मनाई आहे. इतका खटाटोप करून शेवटी फुलदाणीच करायची, तर भंगारवाला काय वाईट होता? पूजा वर्षातून एकदा, खंडेनवमीला. इतर दिवशी त्याच्यात काहीतरी धरलेले असावे : सायकलचा पेडल, मोडलेली कडी, कढईचा सुटलेला कान. शेजारी व्हाइस मागायला आला तर तो देऊ नये; जॉब घेऊन ये म्हणावे.

काम झाल्यावर जबडे घट्ट मिटवू नयेत, बोटभर फट ठेवावी. चार दिवसांत त्या फटीत कोणीतरी विजेचे बिल अडकवून ठेवील. ते काढून हातात द्यावे आणि त्या माणसाला घरातली मोडलेली एक वस्तू शोधून आणायला पाठवावे.